एक पुस्तक, दोन कपाटे

शाळेच्या वाचनालयात नवी पुस्तके आली की गुरुजींना पहिले काम करावे लागते ते वाटणीचे. हे मुलांच्या कपाटात, ते मोठ्यांच्या कपाटात. बहुतेक पुस्तकांचा निकाल चटकन लागतो. रासायनिक खतांवरचे पुस्तक कोणी चौथीतल्या पोराच्या हाती देत नाही आणि अंकलिपी कोणी सरपंचांना देत नाही. पण अधूनमधून एखादे पुस्तक असे येते की ते कुठल्याच कपाटात नीट बसत नाही. पोरगा अभ्यास टाकून खुदखुदतो आहे म्हणून बाप ते त्याच्या हातातून काढून घेतो, आणि मग दिवा मालवायची वेळ झाली तरी बापच ते खाली ठेवीत नाही.

आपल्याकडे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव हे असेच एक गृहस्थ. जोशी पाली भाषेचे पंडित. चिमणरावांचा संसार त्यांनी मांडला तो संसारी माणसांसाठी. मुलांनी तो परस्पर पळवला. उलट ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मुलांसाठी जन्मला, आणि मुले मोठी होऊन आईबाप झाली तरी त्यांच्या मनातून गेला नाही. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. आज मात्र मी तुम्हांला अमेरिकेतल्या दोन पोरांची हकीकत सांगणार आहे. कारण या दोघांना कोणत्या कपाटात ठेवायचे याचा तंटा गेली दीडशे वर्षे चालू आहे, त्यात लेखकाने स्वतः तीनदा तीन तऱ्हेची साक्ष दिली आहे, आणि त्या तंट्याची कागदपत्रेही जपून राहिली आहेत.

एकाचे नाव टॉम सॉयर, दुसऱ्याचे हकलबरी फिन. त्याला सगळे हक म्हणतात. दोघांचा जन्मदाता मार्क ट्वेन. हे त्याचे टोपणनाव. खरे नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, मिसूरी राज्यातल्या एका लहानशा खेड्यात. तो चार वर्षांचा असताना घरची मंडळी मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी राहायला आली. १८४७ साली वडील वारले आणि पोरगा लवकरच छापखान्यात उमेदवारीला लागला. पुढे नदीवरच्या आगबोटी चालवण्याचे शिक्षण घेऊन १८५९ मध्ये त्याने त्याचा परवाना मिळवला. टोपणनावही नदीनेच दिले. बोटीच्या टोकावर उभा राहून एक माणूस वजन बांधलेल्या दोरीने पाण्याची खोली मोजीत असे आणि दोन वाव पाणी लागले की तशी आरोळी ठोकीत असे. त्या आरोळीचे इंग्रजी शब्द म्हणजेच ‘मार्क ट्वेन’. दोन वाव म्हणजे बारा फूट. बोट निर्धास्त जाईल एवढे पाणी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावाचून काही उलगडणार नाही. हॅनिबलमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती. काळी माणसे विकत घेतली जात, विकली जात, भाड्याने दिली जात. नदीच्या पैलतीरावर इलिनॉय राज्य. तिथे गुलामगिरी नव्हती. पण पळून गेलेल्या गुलामाला आसरा देणे हा गुन्हा समजला जाई, आणि चर्चमध्येही तसेच शिकवले जाई. हे सारे यादवी युद्धानंतर, १८६५ साली संपले. ट्वेन तेव्हा तीस वर्षांचा होता. म्हणजे त्याचे बालपण ज्या जगात गेले ते जग त्याच्या डोळ्यांदेखत मोडले, आणि त्या मोडलेल्या जगाकडे पाहत त्याने ही दोन्ही पुस्तके लिहिली.

त्या काळी मुलांच्या हाती पडणारी पुस्तके कशी असत? चर्चच्या रविवारच्या शाळेत वाटली जाणारी. चांगला मुलगा खरे बोलतो, त्याला बक्षीस मिळते. वाईट मुलगा रविवारी मासे धरायला जातो आणि बुडतो. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बापू छत्र्यांचे ‘बाळमित्र’ आले, ते युरोपातल्या अशाच बोधपर पुस्तकावरून. मुलांचे पुस्तक म्हणजे बोध, ही समजूत साऱ्या जगभर होती. ट्वेनला या पुस्तकांचा मनस्वी कंटाळा. १८६५ मध्ये त्याने एका वाईट मुलाची छोटी गोष्ट लिहिली. हा मुलगा चोरून मुरंबा खातो, झाडावर चढून सफरचंदे लांबवतो, आणि त्याला काही म्हणजे काही होत नाही. शेवटी तो विधिमंडळाचा सभासद होतो! पाच वर्षांनी जोडीला चांगल्या मुलाची गोष्ट आली. तो बिचारा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागायला जातो आणि दर वेळी मार खातो.

‘टॉम सॉयर’ हे याच खोडसाळपणाचे थोरले भावंड. त्यातला कुंपणाचा प्रसंग तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल. ठाऊक असला तरी सांगतो, कारण कपाटांच्या तंट्याचे मूळ मला तिथेच दिसते. टॉम आईविना पोर, पॉलीमावशीकडे वाढलेला. शाळा बुडवली म्हणून मावशीने शनिवारी शिक्षा दिली: फळ्यांच्या लांबलचक कुंपणाला चुना लावायचा. शनिवार, सुट्टी, सगळी पोरे पोहायला निघालेली. टॉमने काय करावे? बेन नावाचा मित्र सफरचंद खात चिडवायला आला, तेव्हा टॉमने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. कुंचला फिरवायचा, दोन पावले मागे सरायचे, मान तिरपी करून बघायचे, पुन्हा एक हात मारायचा. जणू हे काम जगात एखाद्यालाच साधते! बेनच्या तोंडाला पाणी सुटले. मलाही जरा लावू दे, म्हणाला. टॉम म्हणतो, छे, मावशीला चालायचे नाही. शेवटी बेनने सफरचंद देऊ केले तेव्हा कुठे टॉमने मोठ्या नाइलाजाने कुंचला हाती दिला. मग एकामागून एक पोरे आली. दुपार सरेपर्यंत कुंपणाला चुन्याचे तीन हात बसले, आणि टॉमजवळ पतंग, बारा गोट्या, मेलेला उंदीर आणि तो गरगर फिरवायची दोरी एवढी इस्टेट जमली.

हे वर्गात वाचून दाखवा, मुले बाके बडवून हसतील. टॉमने पोरांना फसवले म्हणून हसतील. त्याच वेळी मागच्या बाकावर हेडमास्तर बसलेले असतील तर तेही हसतील. पण ते कोणाला हसत असतात? आपण आयुष्यात कितीदा दुसऱ्याचे कुंपण रंगवले आणि वर त्यालाच सफरचंद दिले, हे त्यांना आठवत असते. शब्द तेच, ओळ तीच, हशाही एकाच क्षणी. पण मुलगा टॉमच्या बाजूला उभा राहून हसतो आणि हेडमास्तर बेनच्या.

ट्वेनला स्वतःला हे पुस्तक नक्की कोणाचे वाटत होते? १८७५ च्या जुलैत लिखाण पुरे झाल्यावर त्याने आपला मित्र विल्यम डीन हॉवेल्स याला पत्र लिहिले. हॉवेल्स ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकाचा संपादक. पत्रात ट्वेन ठासून सांगतो की हे मुलांचे पुस्तक नव्हेच. ते मोठ्यांसाठी लिहिले आहे आणि मोठेच ते वाचतील. ही पहिली साक्ष. नोव्हेंबरात हॉवेल्सने हस्तलिखित हाती घेतले आणि रात्री एक वाजेपर्यंत जागून संपवले; खाली ठेवताच येईना. पण मत मात्र उलटे दिले. हे मुलांचेच पुस्तक आहे असे उघड मानून चाल, तो म्हणाला. मोठी माणसे त्याचा आनंद तेवढाच घेतील. मात्र मोठ्या माणसाने मुलांच्या स्वभावाचा केलेला अभ्यास म्हणून ते पुढे केलेस तर सूर चुकेल. ट्वेनच्या पत्नीलाही हे पटले. ट्वेन नमला. १८७६ साली छापलेल्या प्रस्तावनेत त्याने लिहिले की पुस्तक मुख्यतः मुलामुलींच्या करमणुकीसाठी आहे, पण तेवढ्यावरून मोठ्यांनी ते दूर सारू नये. आपणही एकेकाळी कसे होतो, कसे बोलत होतो, याची त्यांना गोड आठवण व्हावी हाही आपला हेतू आहे. ही झाली दुसरी साक्ष, पहिलीच्या नेमकी उलट.

संपादकाचा सल्ला किती मोलाचा असतो पाहा. मला हॉवेल्सचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की त्याने पुस्तकातला मजकूर फारसा बदलायला सांगितला नाही. लेखकाने कोणाच्या शेजारी बसून बोलायचे, तेवढे सांगितले.

थोडी काटछाट झालीच. हक बोलता बोलता एके ठिकाणी ‘नरक’ हा शब्द सहज वापरून जातो. घरातल्या सोवळ्या वडीलधाऱ्या बायकांनी तो ऐकूनही हरकत घेतली नव्हती. पण आता पुस्तक मुलामुलींचे ठरले, तेव्हा ट्वेनच्याच मनाला तो टोचू लागला. त्याने हॉवेल्सला विचारले. हॉवेल्सने उत्तर दिले, काढून टाक. शब्द गेला. तो पुढे कुठे आणि कसा परत आला ते लवकरच सांगतो.

छपाईची कथा म्हणजे एक फार्सच. पुस्तक लंडनला जून १८७६ मध्ये निघाले. अमेरिकेतल्या प्रकाशकाने दिरंगाई करीत डिसेंबर उजाडवला. हॉवेल्सने आपल्या मासिकात परीक्षण छापले ते मे महिन्यात. म्हणजे परीक्षण हाती आणि पुस्तकाचा पत्ता नाही. मधल्या काळात कॅनडातल्या चोरट्या छापखानदारांनी स्वस्त प्रती काढून अमेरिकेत ओतल्या. पहिल्या वर्षी पुस्तकाने लेखकाला निराशच केले.

पण त्याच १८७६ च्या उन्हाळ्यात ट्वेनने दुसरे पुस्तक सुरू केले होते. या वेळी सांगणारा लेखक नव्हे, हक स्वतः. दारुड्या बापाचा, पिंपात झोपणारा पोरगा आपल्या अशुद्ध गावरान बोलीत सगळी कथा सांगतो. हक कोणावरून बेतला हे ट्वेनने आत्मचरित्रात सांगितले आहे: हॅनिबलमधला टॉम ब्लँकनशिप. या टॉमचा थोरला भाऊ बेन्सन याची एक हकीकत आहे. १८४७ साली एक पळालेला गुलाम नदीतल्या बेटावर लपला होता. त्याला पकडून देणाऱ्याला पन्नास डॉलरचे बक्षीस होते. बेन्सनच्या घरात खायची भ्रांत. तरी त्याने बक्षीस घेतले नाही. कित्येक दिवस तो गुपचूप त्या माणसाला अन्न पोचवीत राहिला. ट्वेन तेव्हा अकरा वर्षांचा होता.

‘हकलबरी फिन’ लिहायला सात वर्षे लागली. मध्येच गाडी अडे, हस्तलिखित कपाटात पडून राही. १८८३ मध्ये ते पुरे झाले. तोवर ट्वेनच्या घरात वाचक वाढले होते. थोरली मुलगी सूझी हिने तेराव्या वर्षी वडिलांचे चरित्र लिहायला घेतले, त्यात ती या दिवसांचे वर्णन करते. बाबा हस्तलिखित वाचून दाखवीत आणि मग ते तपासायला आईकडे ठेवून वर लिहायला निघून जात. आई पाने चाळी. नको असलेल्या मजकुराचे पान ती दुमडून ठेवी. सूझी आणि धाकटी क्लारा शेजारी बसून बघत. पान दुमडले की पोरींच्या काळजात चर्र होई, कारण दुमडलेल्या पानावर हमखास काहीतरी भयंकर मजेदार असे. ट्वेनने पुढे कबूल केले की काही वाक्ये तो मुद्दाम पेरून ठेवी; ती कापली जाणार, पोरी आईची विनवणी करणार, हा तमाशा पाहायला त्याला आवडे. एकाच हस्तलिखितावर आई आणि मुली अशा समोरासमोर बसलेल्या! कपाटांचा तंटा छापखान्यात जाण्याआधी घरातच सुरू झाला होता म्हणायचा.

हकची कथा थोडक्यात अशी. मारकुट्या बापाच्या तावडीतून हक पळतो आणि एका बेटावर त्याला जिम भेटतो. जिम हा वॉटसनबाईंचा गुलाम. आपल्याला दूर दक्षिणेत विकणार असे कानी आल्यामुळे तोही पळालेला. दोघे तराफ्यावरून नदीने प्रवास करतात. खोड्या, सोंगे, भामटे, खोटे राजे. मुलाला हसायला पानोपानी मिळते.

पण एक रात्र येते धुक्याची. हकची होडी तराफ्यापासून सुटते, दोघे चुकतात. जिम हाका मारून मारून थकतो, रडतो आणि झोपी जातो. हक सुखरूप परत येतो तेव्हा त्याला खोडी सुचते. जिम जागा होताच तो म्हणतो, मी कुठे गेलोच नव्हतो, तुला स्वप्न पडले असणार. जिम विश्वास ठेवतो, त्या स्वप्नाचा अर्थही लावतो. वाचणारा मुलगा हसत असतो. मग जिमला तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडके वल्हे दिसते. तो हककडे टक लावून पाहतो आणि सांगतो की तू मेलास असे समजून माझे काळीज फुटले होते, आणि तुझ्या मनात मात्र मला मूर्ख बनवण्याचा विचार होता. मित्राची अशी फजिती करणारा माणूस म्हणजे केर. एवढे बोलून तो आत जातो. एका गुलामापुढे जाऊन माफी मागायला हकला पंधरा मिनिटे लागतात. पण तो मागतो.

शिक्षकांना माझे सांगणे आहे की हे प्रकरण वर्गात वाचाच. हसणारी मुले इथे एकदम गप्प होतात. त्यांनीही कोणाची तरी अशी फजिती केलेली असते.

याहून मोठा प्रसंग पुढे आहे. दुसऱ्याची ‘मालमत्ता’ पळवायला आपण मदत करतो आहोत हे पाप हकला रात्रंदिवस खाते. कारण त्याला तेच शिकवलेले आहे. शेवटी तो वॉटसनबाईंना पत्र लिहितो, जिम कुठे आहे ते कळवतो आणि पाप धुतले गेल्यासारखा हलका होतो. मग बसल्या बसल्या त्याला जिम आठवू लागतो. आपली झोप मोडू नये म्हणून दोघांचा पहारा एकट्याने करणारा जिम, धुक्यातून परत आल्यावर आनंदलेला जिम. हक ते पत्र हातात धरून क्षणभर श्वास रोखतो, नरक पत्करतो आणि पत्र फाडून टाकतो. पहिल्या पुस्तकातून मुलांसाठी म्हणून काढलेला शब्द दुसऱ्या पुस्तकात असा परत आला, आणि आता तो काढला तर पुस्तकच राहत नाही.

इथे लहान आणि मोठे यांची वाट फुटते. मुलगा म्हणतो, वा, हकने मित्राला वाचवले. मोठ्या माणसाला घाम फुटतो. कारण हकला शेवटपर्यंत कळतच नाही की आपण चांगले केले. तो स्वतःला पापीच समजतो. गावाने, शाळेने, देवळाने एखादी गोष्ट पुण्य म्हणून शिकवली आणि ती मुळात अधर्म असली, तर? ट्वेनने १८९५ च्या आपल्या टिपणवहीत या पुस्तकाचे सार लिहून ठेवले आहे: निरोगी हृदय आणि बिघडवलेली सद्सद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि बुद्धी हरते. विनोदी पुस्तकाबद्दल लेखकाने असे लिहावे हे जरा थांबून विचार करण्याजोगे आहे.

हे पुस्तक इंग्लंड-कॅनडात डिसेंबर १८८४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये आले. मधे कोणा खोडसाळ कारागिराने एका चित्रात अश्लील फेरफार केला होता. ते पान बदलण्यात नाताळची विक्री बुडाली. लगेच मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावच्या सार्वजनिक वाचनालयाने पुस्तक बाहेर काढले. कॉनकॉर्ड म्हणजे एमर्सन आणि थोरो यांचे गाव, विद्वत्तेची पेठ! समितीचे म्हणणे, भाषा गावंढळ, अनुभव हलका, सभ्य माणसांच्या घरात शोभण्याजोगे हे पुस्तक नव्हे. ट्वेन आनंदला. त्याने आपल्या प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थापकाला कळवले की या कृपेमुळे पंचवीस हजार प्रती नक्की खपतील. लक्षात घ्या, गुलामगिरीबद्दल समितीने चकार शब्द काढला नव्हता. त्यांना बोचली ती बोली.

या पोरांच्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतही आहे. प्रकाशनधंद्यात आणि खिळे जुळवण्याच्या एका यंत्रात पैसा बुडून ट्वेनचे १८९४ साली दिवाळे निघाले. कर्ज फेडण्यासाठी तो व्याख्याने देत जगभर फिरला आणि १८९६ च्या जानेवारीत मुंबईला उतरला. मुक्काम काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात. तिथे एका धिप्पाड जर्मन गृहस्थाने खोलीतल्या हिंदी नोकराला, काय चुकले ते न सांगताच, जबड्यावर ठोसा मारला. नोकराने मुकाट्याने मार सोसला आणि पुन्हा कामाला लागला. ट्वेनने हा प्रसंग १८९७ च्या प्रवासवर्णनात लिहिला आहे. तो म्हणतो की ते पाहताच पन्नास वर्षे मागे हॅनिबलला जाऊन पोचलो. आपले वडील सज्जन, पण घरच्या गुलाम पोराला चापट्या मारीत, हे आठवले. दहा वर्षांचे असताना पाहिलेला एक माणूसही आठवला. त्याने काहीतरी धांदरटपणा केला म्हणून संतापाच्या भरात आपल्या गुलामावर लोखंडी खनिजाचा दगड फेकला आणि तो गुलाम तासाभरात मेला. गावात कोणाला ते बरे वाटले नाही, पण कोणी फारसे बोललेही नाही. मुंबईच्या हॉटेलातला एक ठोसा आणि मिसिसिपीकाठचे बालपण यांची गाठ अशी पडली. हक आणि जिम कुठून आले ते या दोन पानांत जितके कळते तितके टीकाग्रंथांतून कळत नाही, असे मला वाटते.

तिसरी साक्ष १९०५ सालची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या विभागातून टॉम आणि हक दोघांनाही हलवण्याचा घाट घातला गेला. तक्रार अशी की हक अंग खाजवतो आणि घामाला सभ्य शब्द वापरत नाही! तिथल्या एका ग्रंथपालाने पोरांची बाजू घेऊन ट्वेनला पत्र लिहिले. उत्तरात सत्तरीला टेकलेला ट्वेन साळसूदपणे म्हणतो की दोन्ही पुस्तके मी केवळ मोठ्यांसाठी लिहिली होती. ती मुलांच्या हाती पडतात हे कळून दुःख होते. मलाही लहानपणी काटछाट न केलेले बायबल वाचायला लावले होते, आणि कोवळ्या वयात मळलेले मन पुन्हा धुऊन निघत नाही. तुमच्या मुलांच्या विभागात तसले बायबल असेल तर कृपा करून टॉम आणि हकला त्या संगतीतून सोडवा. तीस वर्षांपूर्वी जे वाक्य त्याने गंभीरपणे लिहिले होते, तेच आता थट्टेने लिहिले.

इथवरची भांडणे हसण्यावारी नेता येतात. पुढचे तसे नाही. हकच्या तोंडी काळ्या माणसांसाठी एक अत्यंत अपमानकारक शब्द सतत येतो, दोनशेहून अधिक वेळा. आपल्याकडे जातीवरून दिलेली शिवी कशी लागते हे तुम्हांला सांगायला नको. वर्गात तीस गोरी मुले आणि एक काळे मूल बसलेले, आणि मास्तर मोठ्याने तो शब्द वाचताहेत. त्या एका मुलाला काय वाटत असेल? १९५७ साली न्यूयॉर्कच्या शिक्षणमंडळाने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मान्य पुस्तकांच्या यादीतून ‘हकलबरी फिन’ काढले. तेव्हापासून हा वाद पुनःपुन्हा उठतो. २०११ मध्ये एका प्राध्यापकाने तो शब्द सर्वत्र बदलून त्या जागी ‘गुलाम’ घातलेली आवृत्ती काढली. मला तो उपाय पसंत नाही. शब्द पुसला की तो शब्द सहज उच्चारणारे सज्जन गावही पुसले जाते. पण ज्यांना त्या शब्दाचा मार बसत नाही त्यांनी हे फार जोराने म्हणू नये, हेही तितकेच खरे.

शेवटच्या भागाबद्दलचा वाद वेगळाच. जिम पकडला जातो, आणि त्याला सोडवायला टॉम येतो. साधा दरवाजा उघडायचा सोडून टॉम कादंबऱ्यांत वाचलेली नाटके सुरू करतो: भुयार, दोरीची शिडी, कोठडीत उंदीर आणि साप. हा खेळ दिवसेंदिवस चालतो. शेवटी कळते की वॉटसनबाईंनी मरताना जिमला केव्हाच मुक्त केले होते, आणि टॉमला ते पहिल्यापासून ठाऊक होते! बारा वर्षांच्या वाचकाला हा भाग सगळ्यांत आवडतो. चाळिशीच्या वाचकाला राग येतो. हेमिंग्वेने १९३५ साली लिहिले की सारे आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघाले. पण त्यानेच बजावले की जिम पळवला जातो तिथे वाचन थांबवा, पुढचे सगळे फसवे आहे. मी हेमिंग्वेचे ऐकणार नाही. शेवटपर्यंत वाचावे. एका माणसाचे स्वातंत्र्य खिशात ठेवून पोरे खेळत बसतात आणि आपणही हसत बसतो. पुन्हा मोठेपणी वाचताना आपल्याच जुन्या हसण्याची लाज वाटते. ट्वेनने हे जाणूनबुजून केले की त्याचा हात घसरला, यावर विद्वानांचे एकमत नाही.

नोबेल पारितोषिक मिळालेल्या कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९९६ साली या पुस्तकाच्या एका आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. लहानपणी ते वाचताना भय आणि अस्वस्थता वाटली, पुढे शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली वाचले तेव्हाही समाधान झाले नाही, असे त्या सांगतात. तरी त्या पुस्तकाकडे परत परत गेल्या. शाळांतून ते हटवण्याची मागणी होऊ लागली तेव्हा त्यांनी ते पुन्हा उघडले, आणि ती मागणी त्यांना मान्य झाली नाही. आणखी अलीकडे, २०२४ मध्ये, पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय कादंबरीकाराने तीच नदी, तोच तराफा घेऊन ‘जेम्स’ ही कादंबरी लिहिली. या वेळी कथा सांगतो जिम. गोऱ्यांसमोर तो मुद्दाम अडाण्यासारखा बोलतो आणि आपल्या माणसांत स्वच्छ, शुद्ध भाषेत. पुस्तक गंभीर आहे आणि विनोदीही. त्याला २०२५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तेव्हा गुरुजी, ही दोन पुस्तके तुमच्या वाचनालयात आली तर कपाटाचा प्रश्न तुमच्यापुढेही येईल. कुंपणाचा प्रसंग पाचवीलाही चालेल. फक्त वाचताना चुन्याचा कुंचला हाती असल्यासारखे हात फिरवा. धुक्याची रात्र सातवी-आठवीसाठी, आणि वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. फाडलेल्या पत्राचे प्रकरण मोठ्या मुलांसाठी ठेवा. आणि पालकसभेच्या दिवशी कोणी बाप उभा राहून म्हणाला की पोरगा रात्री अंथरुणात एकटाच हसत होता, कसले पुस्तक दिलेत, तर दुसरी प्रत त्याच्या हाती ठेवा.